सुकडीपासून चाळीस टक्क्यांपर्यंत

लठ्ठपणाविरुद्धच्या धोरणाची गोष्ट सांगली जिल्ह्यात सांगायची, तर सुरुवात उपासमारीपासून करावी लागते. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५ साली विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर सुकडी म्हणजे गोड कोरडं पीठ, रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी. खडी फोडणाऱ्याच्या पोटात दोन घास पडावेत, एवढाच तेव्हा सरकारी पोषणाचा अर्थ होता आणि तो चुकीचा नव्हता. आपली पोषणयंत्रणा त्याच काळजीतून घडली. वजन कमी भरलं की धावपळ, जास्त भरलं तर ‘पोर बाळसेदार आहे’.

दरम्यान पाणी आलं, ऊस आला, कारखाने उभे राहिले. आज ऊस तोडायला बीडची टोळी येते आणि मालक बांधावर गाडी लावून फडाकडे बघतो. पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली: आपली माणसं हातापायाने किडकिडीत दिसली तरी अंगात चरबी जास्त असते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये लठ्ठपणाची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची) रेघ ३० वरून २५ वर आणली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या.

सरकारला जाग आली ती शाळेच्या दारात. राज्याने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. २०२० च्या केंद्रीय नियमाने फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला बंदी केली. फाटकासमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात, तिथे हे अंतर कोण टेप लावून मोजणार?

साखर, मीठ, चरबी जास्त असल्याचा ठळक इशारा पाकिटावर छापायची सक्ती चिलीने २०१६ मध्येच केली. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो ताऱ्यांचा, म्हणजे इशाऱ्याऐवजी गुण देणारा. कराचा मार्ग केरळने २०१६ मध्ये धरला होता. ब्रँडेड हॉटेलांतल्या पिझ्झा-बर्गरवर तिथे १४.५ टक्के ‘फॅट टॅक्स’ लागला, पण वर्षभरात जीएसटी आला आणि तो गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये साखर घातलेली शीतपेयं ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकली. त्याच फेरबदलात बिस्किटं, चॉकलेट आणि फरसाण ५ टक्क्यांवर उतरले.