कोंबडी, घरची (महाराष्ट्र आणि गोवा)

महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी कोंबडी शिजवायच्या ज्या रीती आहेत त्यांची ही नोंद, हॉटेलातलं बटर चिकन, तंदुरी वगैरे यात धरलेलं नाही. एका कोंबडीतून घरात बहुतेक दोन गोष्टी होतात, पातळ रस्सा आणि सुकं, आणि कलेजी-पोटा वेगळा परतून आधीच संपतो. सोबत भाकरी, भात, वडे की घावणे ते गावावर आहे.

मूळ पक्ष्याबद्दल बराच वाद झालाय. पाळीव कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली हे डार्विनने १८६८ मधे मांडलं आणि ते मोठ्या प्रमाणात टिकलं, पण जागा कुठली यावर एकमत नव्हतं. मोहेंजोदडो-हडप्प्याच्या हाडांवरून बरेच दिवस सिंधू खोऱ्याला मान दिला जायचा, इसवी सनापूर्वी साधारण २५०० ते २००० असा काळ सांगायचे. २०२० मधे ८०० हून जास्त पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास आला आणि त्यात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार या पट्ट्यातली लाल रानकोंबड्याची उपजात पाळीव कोंबडीला सगळ्यात जवळची निघाली, मग २०२२ मधे जुन्या हाडांची फेरतपासणी झाली तेव्हा खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वात जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाटची ठरली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानची, आणि भात-बाजरीवर्गीय धान्याच्या शेतीमुळे रानकोंबडी माणसाजवळ आली असा त्या संशोधकांचा तर्क आहे. हे मत जास्त पटण्यासारखं आहे. मात्र आपल्याकडचा वाटा शून्य नाही, कारण कोंबडीची पिवळी कातडी लाल रानकोंबड्याकडून आलेलीच नाही, ती सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून, बहुधा पाळीव झाल्यानंतरच्या संकरातून आली असं २००८ मधे दाखवलं गेलं. दुकानात पिवळसर कातडीची कोंबडी दिसते तिच्यात घाटातल्या त्या पक्ष्याचा अंश आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे आणि शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

लाल रस्सा मात्र तेवढा जुना असू शकत नाही. मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांबरोबर आली, वास्को द गामा १४९८ ला कालिकतला पोचला आणि गोवा १५१० ला त्यांच्या ताब्यात गेला, म्हणजे तांबडा रस्सा सोळाव्या शतकाच्या अलीकडचाच, आणि गावोगाव मिरची रुजायला आणखी काही पिढ्या गेल्या असाव्यात. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात मांसाचे पदार्थ सविस्तर आहेत पण मिरची नाही, असणारच नाही.

शिजवण्याची खरी खुबी पहिल्या अर्ध्या तासात आहे. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलात कांद्यावर परततात, आणि पातेल्यावर झाकण म्हणून ताट ठेवून त्या ताटात पाणी ओततात. मिठाने कोंबडीला अंगचं पाणी सुटतं, वाफ वरच्या गार ताटाला लागून परत खाली ठिबकते, त्यामुळे सुरुवातीला वरून पाणी न घालता मांस स्वतःच्या रसात शिजतं, आणि ताटातलं पाणी तोवर गरम झालेलं असतं तेच लागेल तसं आत घालतात म्हणजे उकळी मोडत नाही. या पायरीला जो पातळ रस निघतो त्याला अळणी म्हणतात, म्हणजे मसाला नसलेला, तो लहान मुलांना आणि आजारी माणसाला देतात, आणि कोल्हापूरकडे त्याच्यातच नारळाचं दूध, खसखस वगैरे घालून पांढरा रस्सा होतो (मूळ मटणाचा, पण घरी कोंबडीचाही करतात). गावरान कोंबडीला ही पायरी तास-दीड तास चालते, कारण पक्षी वयाने मोठा, फिरलेला, वयाबरोबर मांसातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमधले बंध घट्ट होतात आणि त्याचं जिलेटिन व्हायला वेळ लागतो, पण तेच रश्श्याला चिकट दाटपणा देतं. ब्रॉयलर ५-६ आठवड्यांचा, साधारण २ किलोचा असतो, तो वीस-पंचवीस मिनिटांत होतो, त्याला कुकरच्या जास्त शिट्ट्या दिल्या तर मांस हाडापासून सुटून त्याच्या रेषा होतात. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की सुरक्षित. कोंबडी धारेखाली धुऊ नये, शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर जातात, धुवायचीच असेल तर भांड्यात पाणी घेऊन हळूच.

पुढे फरक वाटणाचा. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त तेल असतं, ते भाजलं की तेल सुटतं आणि रंग-वास बदलतो, रश्श्यावरचा तवंग बराचसा तिथून येतो. घाटावर खोबरं आणि कांदा विस्तवावर काळपट भाजतात, कोकणात ओलं खोबरं कांद्यासोबत तांबूस परततात आणि मालवणी मसाला घालतात, सोबत तांदूळ-उडदाच्या पिठाचे मेथी-धणे घातलेले वडे. गोव्याची शागोती याच कुळातली, खसखस आणि जायफळ जास्त. अलिबागकडचे बेने इस्रायली (मराठी ज्यू) मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून नारळाच्या दुधातच करतात, वसईकडच्या ईस्ट इंडियन (मराठी कॅथलिक ख्रिस्ती) घरांत बाटल्यांत भरून ठेवलेला बाटली मसाला. नागपूरची सावजी हलबा कोष्टी विणकरांची, पूर्वी जवसाच्या तेलातली. खानदेशात काळा मसाला.

गोव्याच्या काफ्रियाल कोंबडीचं वेगळं आहे, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरी, आलं-लसूण आणि लिंबू किंवा व्हिनेगर लावून मुरवतात आणि परततात, खोबरं नाही. पोर्तुगीजांच्या आफ्रिकन सैनिकांनी, विशेषतः मोझांबिकमधून, ते गोव्यात आणलं असं सहसा सांगतात, काहींच्या मते आणणारे पोर्तुगीज अधिकारीच. मोझांबिकमधे मुरवून भाजलेली कोंबडी आजही घरोघरी होते, त्यामुळे तिथला संबंध नाकारता येत नाही, पण कोथिंबिरीचा हिरवा मसाला गोव्यातच जडला असावा.

रायगडची पोपटी थंडीतली, वालाच्या शेंगा आल्या की. मडक्यात भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे भरतात, वर परत पाला दाबून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवतात. पाणी नाही, तेल नाही, शेंगांची आणि पाल्याची वाफ पुरते.

आषाढात अमावास्येच्या आधी कोंबडीचा खप वाढतो कारण मग श्रावण लागतो. कोकणात वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा देतात, तो गावातच शिजतो. १९७१ ला वेंकटेश्वरा हॅचरीज ही कोंबडीची पिल्लं तयार करणारी कंपनी सुरू झाली, पुढे ब्रॉयलर स्वस्त आणि रोजचा झाला, आणि गावरान कोंबडी पाहुणे, जत्रा आणि बाळंतिणीपुरती उरली.