पाऊण सेकंदाच्या जागेत चार मिनिटांचे गाणे

नवरात्र जवळ आले की बडोद्यात मोबाईलवर गरब्याचे ताल रचणारी तरुण मुले पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्याविषयी घरातील संगीतप्रेमी वडीलधारे हमखास एक वाक्य बोलतात : ‘यात यांचे काय? बटण दाबले की यंत्रच गाणे करते.’ ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती खोडून काढण्यासाठी थोडे मागे, या मुलांच्या साधनांचे पूर्वज जिथे घडले तिथे जाणे आवश्यक आहे. त्यांतला एक महत्त्वाचा पूर्वज संगीताच्या दुकानात नव्हे, तर दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या खेळयंत्रात सापडतो.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन १९९४ साली जपानमध्ये विक्रीला आले. त्यासाठी १९९८ साली ‘म्युझिक’ आणि पुढच्या वर्षी ‘म्युझिक २०००’ ही ब्रिटनमध्ये तयार झालेली सॉफ्टवेअरे कोडमास्टर्सने बाजारात आणली. दुसरे अमेरिकेत ‘एमटीव्ही म्युझिक जनरेटर’ या नावाने विकले गेले. यांत जिंकायचे काही नव्हते. पडद्यावर एक जाळी दिसे, तिच्यात आडवा काळ वाहत असे, आणि खेळाच्याच कंट्रोलरने ढोलाचे, बासचे, सुरांचे तुकडे त्या जाळीत मांडायचे असत. तोपर्यंत अनेक वाद्ये एकावर एक ध्वनिमुद्रित करायची तर स्टुडिओचे तासाचे भाडे मोजावे लागे किंवा संगणक, ध्वनिकार्ड आणि कीबोर्ड यांची जुळवाजुळव करावी लागे. येथे खेळासाठी घेतलेले यंत्र घरात आधीच होते, आणि वर लागत होती ती केवळ एक तबकडी.

परंतु स्वस्ताई हे अर्धेच उत्तर झाले. मला यातला खरा चमत्कार प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात, म्हणजे केलेले काम साठवून ठेवायच्या छोट्या कार्डात, दिसतो.

या कार्डाची क्षमता १२८ किलोबाइट होती. तिचे १६ समान भाग होत. त्यांतला एक कार्डाच्या स्वतःच्या नोंदींसाठी राखीव असे आणि उरलेल्या १५ भागांत १,२२,८८० बाइट मावत. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो, म्हणजे त्या कार्डावर पाऊण सेकंदाचेही संगीत बसत नाही. चार मिनिटांचे गाणे ध्वनी म्हणून साठवायचे तर अशी ३४४ हून अधिक कार्डे लागतील. तरीही हौशी मुले आपली पूर्ण गाणी त्याच कार्डावर ठेवत होती, कारण कार्डावर ध्वनी नव्हताच. होत्या त्या सूचना. कोणते वाद्य, कोणता सूर, कोणत्या क्षणी, किती वेळ, किती जोराने, एवढेच. एका सुराच्या नोंदीला समजा ६ बाइट लागले, तर ५,००० सुरांचे भरगच्च गाणे ३०,००० बाइटमध्ये, म्हणजे कार्डाच्या चार भागांत आटोपते.

ही कल्पना बडोद्याच्या वाचकाला परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे संगीतशाळा सुरू केली, स्वरलेखनाची स्वतःची पद्धत सिद्ध केली आणि तिच्या आधारे पाठ्यपुस्तके छापली. कागदावरची ती चिन्हे म्हणजेही ध्वनी नव्हे, सूचनाच. मात्र कागदावरील बंदिश ऐकायची तर ती वाचून गाणारा तयार गळा लागतो. खेळयंत्राने स्वरलेखन आणि वादन यांमधले हे अंतर मिटवले : लिहिलेले त्याच क्षणी ऐकू आले, आवडले नाही तर पुसता आले, एक सूर अर्ध्या मात्रेने सरकवून पुन्हा ऐकता आला. हौशी माणसाला रचनाकार होण्याची वाट खुली झाली ती या सोयीमुळे.

आता त्या सूचनांचा ध्वनी होतो कसा? प्लेस्टेशनच्या ध्वनिचिपमध्ये एका वेळी २४ आवाज वाजवण्याची सोय आणि त्यासाठी ५१२ किलोबाइट स्मृती होती. इतक्या जागेत सीडीच्या दर्जाचा एकमार्गी (मोनो) ध्वनी कच्च्या रूपात जेमतेम सहा सेकंद मावतो. ध्वनी साठवतात तो नमुन्यांच्या, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेल्या किमतींच्या, रूपात. म्हणून चिप आधीच्या दोन नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचे भाकीत करते, आणि साठवलेली असते ती केवळ भाकिताची चूक, १६ ऐवजी ४ बिटांत. असे २८ नमुने १६ बाइटमध्ये बसतात आणि सहा सेकंदांचे सुमारे २१ सेकंद होतात. ढोलाचा एक ठोका किंवा पियानोचा एक सूर यांना इतकी जागा पुष्कळ झाली.

पण पियानोचा एकच सूर साठवून बारा सूर कसे मिळतात? साठवलेले नमुने चिप ज्या वेगाने वाचते तो वेग बदलून. प्रत्येक आवाजासाठी एक आकडा ठरलेला असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन मुद्रित केलेल्या ध्वनीसाठी तो ४०९६ ठेवला की मूळ सूर वाजतो. ८१९२ केला की वाचन दुप्पट वेगाने होते आणि तार षड्ज मिळतो. मधल्या अंतराचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पायरीला सुमारे १.०५९५ ने गुणावे लागते. म्हणून पंचम ६१३७ वर येतो. वाचनाची जागा दोन नमुन्यांच्या मध्ये पडली तर चिप शेजारच्या चार नमुन्यांवरून मधली किंमत काढते. वेगाबरोबर ध्वनीची लांबीही बदलते, आणि त्यामुळे फार वर चढवलेला मानवी आवाज आखूड व चिरका होतो. हाच आकडा टप्प्याटप्प्याने, सलग वाढवत नेला तर मींड ऐकू येते.

येथे ४३२ हर्ट्झच्या तथाकथित ‘आरोग्यदायी’ संगीताविषयी बोलणे भाग आहे. पाश्चात्त्य वाद्ये जुळवताना ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर, म्हणजे ४४० हर्ट्झवर, धरतात; त्याऐवजी ४३२ हर्ट्झला जुळवलेले संगीत शरीराला बरे करते, असे दावे मोबाईलवर सतत फिरत असतात. वरच्या हिशोबात हा बदल ४०९६ च्या जागी ४०२२ लिहिण्याइतका आहे. आपल्याकडे गायक आपल्या गळ्यानुसार कोणी काळी एक, कोणी पांढरी चार, असा षड्ज धरतात. एका ठरावीक कंपनसंख्येत औषधी गुण असता, तर इतर पट्टीत गाणाऱ्या सर्वांचे गाणे निष्फळ ठरले असते. या दाव्यांना आधार नाही.

खेळयंत्राच्या मर्यादेतून संगीत काढण्याचा प्रयत्न एकट्या प्लेस्टेशनवर झाला नाही. अमिगा संगणकासाठी १९८७ साली आलेल्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ने चार आवाजांत रचना करण्याची पद्धत रूढ केली. निन्टेन्डोच्या गेमबॉयसाठी १९९८ साली ‘नॅनोलूप’ आणि २००० साली ‘लिटल साउंड डीजे’ आले. तेथेही चारच आवाज, त्यांपैकी एक निव्वळ खरखरीचा. लंडनमध्ये २००० नंतरच्या काळात रुजलेल्या ग्राइम या संगीतप्रकारातील काही कलाकारांनी आपले पहिले प्रयोग ‘म्युझिक २०००’ वर केले. त्या जाळीत रिकाम्या घरापासून सुरुवात करून त्यांनी मांडलेले ताल यंत्राने सुचवले नव्हते. यंत्राने ते फक्त वाजवले.

माझा आक्षेप आहे तो याच जाळीबद्दल. तिच्या ओळी बारा समान सुरांच्या असतात. आपल्या तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे चिपच्या भाषेत नेमका ५१२०. जाळीतला गांधार मात्र ५१६१ वर पडतो, सुमारे १४ सेंट चढा. (एका समान अर्धस्वराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) चिपला ५१२० वाजवण्यात कोणतीच अडचण नव्हती, अडचण पडदा आखणाऱ्यांच्या कल्पनेत होती, आणि आजच्या पुष्कळ मोबाईल ॲपमध्ये ती तशीच उतरली आहे. ज्या ॲपमध्ये सुराची सूक्ष्म जुळणी करता येते, तेथे षड्ज कायम ठेवून शुद्ध गांधार १४ सेंट, शुद्ध धैवत १६ सेंट आणि शुद्ध निषाद १२ सेंट खाली घ्यावा, पंचम २ सेंट वर न्यावा, आणि मग तंबोऱ्याचा आवाज खाली चालू ठेवून तीच रचना पुन्हा ऐकावी.