माणसाचा हात लागलेले गोरिलाचे पिलू कळपाला चालत नाही?

चिमणीचे पिलू घरट्यातून पडले, की ‘हात लावू नका, आई परत घेणार नाही’ असे सोलापुरातल्या घरोघरी बजावले जाते, आणि प्राणिसंग्रहालयांतील गोरिलांच्या पिलांविषयीही हाच समज आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितला जातो. दोन्हीकडे तो चुकीचा आहे.

बंदिवासात जन्मलेली पहिली गोरिला, म्हणजे १९५६ साली अमेरिकेतील कोलंबस येथे जन्मलेली कोलो, माणसांच्याच हातांवर वाढली. त्या काळी अशा पिलांना बाळासारखे वाढवत असत. मात्र नुकसान झाले ते स्पर्शामुळे नव्हे, तर गोरिलांच्या सहवासाला मुकल्यामुळे, कारण इशारे ओळखणे, मोठ्यांपुढे नमते घेणे आणि पिलू सांभाळणे या गोष्टी पिले कळपातच पाहून शिकतात.

आता पद्धत बदलली आहे. २०१३ साली टेक्सासमध्ये जन्मलेल्या ग्लॅडिस या पिलाला आईने सांभाळले नाही, तेव्हा त्याला अमेरिकेतीलच सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. तेथील कर्मचारी केसाळ जाकीट घालून त्याला अंगावर वागवत, गोरिलासारखे हुंकार देत आणि इतर गोरिलांना ते जाळीपलीकडून रोज दिसेल, त्याचा वास येईल, अशी व्यवस्था ठेवत. काही महिन्यांनी एका प्रौढ मादीने त्याला आपलेसे केले. (इतक्या माणसांचे हात लागूनही, हे विशेष.) दूध मात्र बाटलीचेच लागते, म्हणून पिलू जाळीपाशी यावे किंवा पालक मादीने त्याला आणावे, याची तालीम आधीच दिली जाते.