नान्सेन यांची आठवण आणि 1923 ची 'अदलाबदल' : पार्श्वभूमी

नॉर्वेचे ध्रुवप्रदेशाचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन म्हटले की बर्फ, स्की आणि ध्रुवाची ओढ एवढेच बहुतेकांना आठवते. त्यांच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे मात्र युद्धकैदी, दुष्काळ आणि निर्वासित यांच्या कामात गेली. त्यांच्याविषयी आजही वाद होतो तो याच दहा वर्षांतल्या एका निर्णयावरून: 1923 मधली तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यातली लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल.

साहसाचा भाग थोडक्यात. 1888 मध्ये पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले, तेही जवळपास निर्मनुष्य पूर्व किनाऱ्याकडून वस्तीच्या पश्चिम किनाऱ्याकडे. माघारी फिरण्याची सोयच ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी लग्न झाले. पत्नी गायिका होती आणि स्कीवरही तयार. जून 1893 मध्ये ते 'फ्राम' जहाजावरून निघाले तेव्हा मुलगी सहा महिन्यांचीही नव्हती. एप्रिल 1895 मध्ये एका सोबत्यासह ते 86 अंश 14 मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोचले, ध्रुव गाठता आला नाही. परतीच्या वाटेवरचा हिवाळा दोघांनी दगडमातीच्या, वॉलरसच्या कातड्याने शाकारलेल्या खोपटात काढला. एकाच पिशवीत शेजारी शेजारी झोपणारे हे दोघे 1895 च्या शेवटच्या रात्रीपर्यंत एकमेकांना 'अहो-जाहो' करत होते, असे सांगतात. त्या रात्री 'अरे-तुरे' सुरू झाले.

नॉर्वे 1905 मध्ये स्वीडनपासून वेगळा झाल्यावर त्यांनी लंडनमधले राजदूतपद सांभाळले. डिसेंबर 1907 मध्ये पत्नी न्यूमोनियाने आजारी पडली. ते घराकडे निघाले, पण पोचण्याआधीच ती गेली. 1908 मध्ये ते पद सोडून परतले. घरात पाच मुले होती; त्यांतला धाकटा 1913 मध्ये दगावला.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) त्यांच्यावर युद्धकैदी घरी पोचवण्याचे काम सोपवले. 1920 ते 1922 या काळात चार लाखांहून अधिक कैदी आपापल्या देशांत परतले. मग रशियातून परागंदा झालेल्यांचा प्रश्न आला. त्यांचे नागरिकत्व काढून घेतलेले, त्यामुळे कोणत्याही सरहद्दीवर दाखवायला कागद नाही. 1922 मध्ये त्यांच्यासाठी 'नान्सेन पासपोर्ट' निघाला. नाव पासपोर्ट असले तरी तो ओळख पटवणारा दाखला होता. ज्या देशाने तो दिला तिथे परत येण्याचा हक्कही सुरुवातीला त्यात नव्हता. पुढे 5 सुवर्ण फ्रँकचे तिकीट त्यावर चिकटवले जाऊ लागले आणि तो पैसा निर्वासितांच्याच मदतीला जाई. पुढे पन्नासहून अधिक सरकारांनी हा कागद मान्य केला. 1922 मध्येच नान्सेन यांना शांततेचे नोबेल मिळाले.

आता तो वादाचा निर्णय. सप्टेंबर 1922 मध्ये ग्रीक सैन्य आशिया मायनरमधून (अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा आशियातला भाग) हरून मागे हटले, स्मर्ना (आजचे इझमिर) शहर जळाले आणि लाखो ख्रिस्ती माणसे जीव मुठीत धरून ग्रीसमध्ये आली. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झालेल्या शांततेच्या वाटाघाटींत लोकसंख्येच्या अदलाबदलीचा प्रस्ताव नान्सेन यांनीच मांडला. 30 जानेवारी 1923 रोजी तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात करार झाला. अदलाबदल सक्तीची होती. साधारण 12 लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान यांची घरे त्यात कायमची सुटली. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले गेले.

'अदलाबदल' हा शब्दच इथे फसवा आहे. ऐकताना वाटते की दोन्ही बाजूंची माणसे एकाच वेळी उठून एकमेकांच्या जागी गेली. प्रत्यक्षात बहुसंख्य ख्रिस्ती सही होण्याआधीच पळून आले होते. कराराने फक्त त्यांची परतीची वाट बंद केली. ग्रीसमधले मुसलमान मात्र तेव्हा आपापल्या घरात, शेतावर होते. त्यांना या सहीने उठवले. शिवाय कोण 'ग्रीक' आणि कोण 'तुर्क' हे ठरले धर्मावरून. घरात तुर्की बोलणारे अनातोलियातले ख्रिस्ती ग्रीसला गेले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात आले, आणि दोघेही आपल्या म्हणवल्या गेलेल्या देशात परभाषी ठरले.

नान्सेन यांच्या बाजूने सांगितले जाते की थंडी तोंडावर होती, छावण्यांत साथी पसरत होत्या आणि परत पाठवणे म्हणजे मृत्यूच्या दारात पाठवणे होते. हे खरेच आहे. पण ज्यांच्यावर अजून संकट आले नव्हते त्यांनाही उठवणे या युक्तिवादात बसत नाही, आणि मला तरी त्यांच्या थोरवीचे कितीही दाखले दिले तरी हा सल राहतो. हे उदाहरण पुढे वजनदार ठरले. 1940 च्या दशकात आपल्याकडच्या फाळणीच्या चर्चेतही तुर्कस्तान-ग्रीसचा दाखला दिला गेला.

करारात मागे राहिलेल्या मालमत्तेची मोजदाद करून भरपाई देण्याचे कलम होते. ती मोजदाद वर्षानुवर्षे रखडली. नान्सेन 13 मे 1930 रोजी ऑस्लोजवळच्या आपल्या घरी वारले आणि 17 मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांचे अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर महिनाभरातच, 10 जूनला, अंकारात दोन्ही सरकारांनी नवा करार केला: निर्वासितांनी मागे टाकलेली घरे आणि जमिनी ज्या देशात होत्या, त्याच देशाच्या सरकारकडे गेल्या.