टार्गेटची पट्टी हिरवी कशाने होते?

विक्री व्यवस्थापनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्यांचा विभाग उघडला, की प्रत्येक प्रतिनिधीच्या नावापुढे एक आडवी पट्टी दिसते. पट्टीची पूर्ण लांबी म्हणजे त्याला दिलेले टार्गेट आणि तिचा भरलेला भाग म्हणजे आजवरची विक्री. हा भाग अपेक्षेइतका असेल तर रंग हिरवा, थोडा मागे असेल तर पिवळा, फार मागे असेल तर लाल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत ठिबक संच, बियाणे किंवा कीटकनाशके घेऊन कृषी केंद्रांच्या पायऱ्या चढणारी मुले सकाळी मोटारसायकल काढण्याआधी फोनवर हीच पट्टी पाहतात आणि महिन्याच्या बैठकीत साहेबही तिच्याकडेच बोट दाखवून बोलतात. तो रंग मुलाच्या मेहनतीचा आहे, हे दोघेही गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्या रंगात मेहनतीखेरीज इतर बरेच काही मिसळलेले असते, आणि त्यातले निम्मेअधिक सॉफ्टवेअर बसवताना पहिल्याच दिवशी कोणीतरी घाईघाईत केलेल्या निवडींतून आलेले असते.

पट्टी निरुपयोगी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी लक्ष्यांच्या परिणामाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या लॅथम यांच्या एका अभ्यासात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातले लाकडे वाहणारे ट्रकचालक होते. ‘होईल तितका माल भरा’ असे सांगितलेले असताना त्यांचे ट्रक कायदेशीर क्षमतेच्या साधारण ६० टक्केच भरत. ९४ टक्क्यांचे नेमके लक्ष्य दिल्यावर काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले, आणि तेही कौतुकाच्या शब्दांपलीकडे कोणतेही बक्षीस न देता. पुढे १९८३ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डॅनियल सर्व्होन यांनी व्यायामाच्या यंत्रावर राबणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. काहींना फक्त लक्ष्य दिले, काहींना फक्त त्यांची प्रगती सांगितली, काहींना दोन्ही दिले आणि काहींना काहीच दिले नाही. ज्यांना लक्ष्य आणि प्रगती दोन्ही ठाऊक होते, त्यांचाच जोर ठळकपणे वाढला. सॉफ्टवेअरमधली पट्टी नेमके हेच करते: लक्ष्य आणि सद्यःस्थिती एकाच रेषेवर आणून ठेवते. म्हणूनच ती चुकीची आखली असेल, तर तिचा परिणामही तितक्याच ताकदीने चुकीच्या दिशेला होतो.

आखणीतला पहिला प्रश्न म्हणजे विक्री ‘झाली’ असे कधी मानायचे. सॉफ्टवेअरला लक्ष्याची नोंद करताना पाच गोष्टी लागतात: माणूस किंवा टीम, मोजायची बाब, कालावधी, आकडा आणि कोणती तारीख धरायची ते. यातली शेवटची गोष्ट बहुधा न पाहताच पुढे ढकलली जाते. ऑर्डर लिहिली ती तारीख, बिल झाले ती, की पैसे हातात पडले ती? खान्देशातल्या शेती-व्यवसायात या तिन्हींमध्ये महिन्यांचे अंतर पडू शकते. ठिबक संचाचे बिल आज होते, पण अनुदान येईपर्यंत रक्कम अडकते. कापसाच्या बियाण्याची उधारी तर कापूस घरी येऊन विकला गेल्यावरच फिटते. बिलाची तारीख धरली तर मे महिन्यात हिरवीगार दिसणारी मुलाची पट्टी, वसुलीची तारीख धरली तर दिवाळीपर्यंत लालच राहील. माणूस तोच, काम तेच.

बियाण्याच्या धंद्यात याला आणखी एक पदर आहे. कंपनीकडून दुकानात गेलेल्या मालाला ‘प्लेसमेंट’ म्हणतात आणि दुकानातून शेतकऱ्याकडे गेलेल्या मालाला ‘लिक्विडेशन’. हंगाम सरल्यावर न खपलेली पाकिटे कंपनीकडे परत येतात. पट्टी प्लेसमेंटवर भरत असेल, तर महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ओळखीच्या दुकानदाराला ‘भाऊ, एवढं घ्या, नंतर परत करा’ असे म्हणून टार्गेट पूर्ण करता येते. हा काही इकडच्याच मुलांचा स्वभावदोष नाही. पॉल ओयर या अर्थतज्ज्ञाने १९९८ मध्ये अमेरिकी कंपन्यांचे आकडे तपासून दाखवले, की अनेक उद्योगांत आर्थिक वर्ष संपताना विक्री फुगते आणि नवे वर्ष सुरू होताच ओसरते. इयन लार्किन यांनी मोठ्या सॉफ्टवेअरच्या विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा कमिशनची पायरी गाठण्यासाठी विक्रेते सौदे पुढेमागे सरकवतात आणि त्यासाठी जी सूट देतात, तिच्यापायी कंपनीचे उत्पन्न ६ ते ८ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. परत आलेला माल मूळ विक्रीच्याच महिन्यातून वजा होईल अशी सोय करता आली, तर ही खेळी बरीच निष्फळ ठरते. मात्र त्यासाठी मागच्या महिन्याच्या हिरव्या पट्ट्या पुन्हा पिवळ्या झालेल्या पाहण्याची साहेबांची तयारी हवी.

दुसरा प्रश्न अपेक्षेच्या रेषेचा. आज पट्टी किती भरलेली असायला हवी, हे सॉफ्टवेअर कसे ठरवते? सरधोपट पद्धत अशी, की वार्षिक आकड्याला दिवसांनी भागायचे. साबणाच्या विक्रीला हे चालून जाईल. ठिबकला चालत नाही. पूर्वहंगामी कापसासाठीची खरेदी उन्हाळ्यात, केळीच्या मृगबागेची लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी आणि केळीच्याच कांदेबागेची पावसाळा संपताना. रावेर, यावल, चोपडा भागातली मागणी या वेळापत्रकाने हलते. समजा, एखाद्याचे वार्षिक टार्गेट ६० लाख रुपये आहे आणि एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत त्याने २९ लाखांची विक्री केली. सरळ भागाकाराने अपेक्षा २५ लाखांची, म्हणजे मुलगा ११६ टक्क्यांवर आणि पट्टी हिरवी. पण मागील वर्षांचे आकडे जर सांगत असतील, की वर्षाची ५५ टक्के विक्री ऑगस्टअखेर होऊन जाते, तर अपेक्षा ३३ लाखांची होते आणि तोच मुलगा ८८ टक्क्यांवर घसरतो. सरळ रेषेची पट्टी त्याला ऑगस्टमध्ये शाबासकी देईल आणि फेब्रुवारीत, काही करण्याजोगे उरलेले नसताना, धारेवर धरेल. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये महिन्यागणिक वेगळा आकडा भरण्याची सोय असते. ती कंटाळवाणी असल्याने फारसे कोणी वापरत नाही, असा माझा अनुभव आहे.

हंगाम निदान डोळ्यांना दिसतो. योगायोग दिसत नाही, आणि सर्वाधिक अन्याय त्याच्याच नावावर जमा होतो. समजा, दोन प्रतिनिधी अगदी सारख्या कुवतीचे आहेत आणि दोघांनाही दीर्घकाळात महिन्याला सरासरी १६ ऑर्डर मिळतात. ऑर्डर एकमेकींवर अवलंबून नसतील, तर संख्याशास्त्र सांगते, की मासिक आकड्यातला नैसर्गिक चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ४ चा असतो. चारांपैकी साधारण तीन महिने आकडा १२ ते २० च्या दरम्यान राहील. उरलेल्या महिन्यात तो त्याच्या बाहेर जाईल आणि त्यामागे कोणतेही कारण नसेल. एका महिन्यात एकाच्या १२ आणि दुसऱ्याच्या २० ऑर्डर आल्या, की बैठकीत एकाला समज मिळते आणि दुसऱ्याला पाठीवर थाप. पुढच्या महिन्यात दोघेही १६ च्या आसपास परततात. मग साहेबांची खात्री पटते, की रागावल्याने काम सुधारते आणि कौतुकाने माणूस सैलावतो. टोकाचा आकडा पुढच्या खेपेला सरासरीकडे झुकतो, हे फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवले होते. त्याचे श्रेय आजही ओरडण्याला मिळत असते.

एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ यासाठी एक प्रयोग करून दाखवत. पेटीतल्या मण्यांपैकी पाचवा हिस्सा लाल, बाकी पांढरे. ५० खळग्यांचे फावडे न बघता मण्यांत बुडवायचे आणि लाल मणी म्हणजे सदोष माल असे मानायचे. प्रेक्षकांतून बोलावलेले ‘कामगार’ एकामागून एक फावडे बुडवत. कोणाला ६ लाल मणी येत, कोणाला १४. डेमिंग गंभीर चेहऱ्याने पहिल्याला शाबासकी देत आणि दुसऱ्याला कामावरून काढून टाकत. सभागृह हसे, पण हसणाऱ्यांतले कित्येक जण आपापल्या कार्यालयात हेच करत असत. डेमिंग यांच्यावर ज्यांचा प्रभाव होता, त्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्येच यावर तोडगा काढला होता: नैसर्गिक चढउताराच्या तिपटीएवढी हद्द सरासरीच्या दोन्ही बाजूंना आखावी आणि आकडा त्या हद्दीबाहेर गेला तरच कारण शोधावे. वरच्या उदाहरणात ही हद्द ४ ते २८ अशी येते. म्हणजे ११ ऑर्डर आणलेल्या मुलाला एकाच महिन्याच्या पट्टीवरून जाब विचारण्यात अर्थ नाही.

टीमचे आणि व्यक्तीचे लक्ष्य वेगळे का वाचावे, हेही याच गणितातून उलगडते. आठवड्याला ४ ऑर्डर म्हणजे चढउतार २ चा, सरासरीच्या ५० टक्के. महिन्याला १६ म्हणजे २५ टक्के. वर्षाला १९२ म्हणजे जेमतेम ७ टक्के. अशा नऊ मुलांच्या टीमच्या महिन्याला १४४ ऑर्डर होतात आणि त्यांचा चढउतार ८ टक्क्यांच्या आसपास राहतो. टीमची मासिक पट्टी साधारण एका माणसाच्या वार्षिक पट्टीइतकी विश्वासार्ह असते. एका माणसाची आठवड्याची पट्टी मात्र बव्हंशी नाणेफेक आहे, आणि फोनवर दररोज सकाळी झळकते ती नेमकी हीच. हा हिशोब योगायोगापुरता आहे. पाऊस लांबला किंवा केळीचा भाव पडला, तर सगळ्या मुलांच्या ऑर्डर एकदमच घटतात आणि टीमचा आकडाही त्यांच्याबरोबर खाली येतो. शिवाय एकाच ऑर्डरवर दोघांची नावे लागली, तर ती टीमच्या बेरजेत दोनदा मोजली जाते की नाही, हे एखादी खोटी ऑर्डर टाकून आधीच तपासून घ्यावे.

राहिला प्रश्न इलाक्याचा. धडगाव–अक्कलकुव्याच्या डोंगरात फिरणाऱ्या मुलाला रावेरच्या मुलाएवढाच आकडा देऊन दोघांच्या पट्ट्या शेजारी लावणे, ही तुलनाच होत नाही; प्रत्येकाची त्याच इलाक्याच्या मागील वर्षांशी तुलना करावी लागते. त्यात नवखा असेल तर आणखी जपावे लागते. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना हवाई वाहतूक नियंत्रणाचे नकली काम शिकवताना पाहिले, की अगदी सुरुवातीला आकड्यांचे लक्ष्य दिल्यास शिकण्यावरचे लक्ष उडते आणि काम उलट बिघडते. नव्या मुलाच्या पट्टीवर पहिले काही महिने रुपयांऐवजी भेट दिलेली दुकाने आणि शिवारात दाखवलेली प्रात्यक्षिके मोजता येतात; मोजायची बाब बदलायला बहुधा दोन मिनिटेही लागत नाहीत. इलाकावार, महिनावार जुने आकडे जमवायला मात्र वेळ लागतो. ते बहुतेक वेळा वितरकाच्या मुनिमाकडे, हिशोबाच्या वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि मुनिमाला मार्चअखेरच्या धावपळीतून मोकळीक मिळेपर्यंत नव्या वर्षाची टार्गेट्स सरळ भागाकाराने भरून झालेली असतात.