प्रत शिळी कधी म्हणायची?

प्रॉक्सी म्हणजे वाचणारा आणि मूळ सर्व्हर यांच्या मध्ये बसून पानांच्या प्रती साठवणारा आणि देणारा सर्व्हर. स्क्विड या अशाच एका प्रॉक्सी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तळाकडे एक ओळ असते. तिच्यात एक टिंब आणि पुढे तीन आकडे: ०, २० टक्के, ४३२०. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. पण वेबवरच्या पानाची साठवलेली प्रत कुठवर ताजी मानायची आणि कधीपासून शिळी, याचा सगळा अंदाज त्या तीन आकड्यांत बसवलेला आहे.

पहिला आणि शेवटचा आकडा मिनिटांत आहेत: कमीत कमी किती वेळ आणि जास्तीत जास्त किती. ४३२० मिनिटं म्हणजे तीन दिवस. खरी गंमत मधल्या टक्केवारीत आहे. समजा, प्रॉक्सीने एक पान आणलं तेव्हा ते दहा दिवसांपूर्वी शेवटचं बदललेलं होतं. त्या दहा दिवसांचे २० टक्के, म्हणजे दोन दिवस, ती प्रत ताजी धरली जाते. पान तासाभरापूर्वीच बदललं असेल तर फक्त १२ मिनिटं. शंभर दिवस हात न लागलेल्या पानाला या हिशेबाने २० दिवस मिळाले असते, पण तिथे तीन दिवसांची मर्यादा आड येते. जे बराच काळ बदललेलं नाही ते इतक्यात बदलण्याची शक्यता कमी, एवढ्या साध्या निरीक्षणावर हे गणित उभं आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं.

ओळीतल्या टिंबाचा अर्थ ‘कोणताही पत्ता’. स्क्विड हे नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जुळेल तो लागू करतो. म्हणून टिंबाची ओळ शेवटी. ती चुकून वर गेली तर तिच्याखालचे सगळे नियम फाइलमध्ये दिसत राहतात, पण कधीच लागू होत नाहीत.

प्रती साठवायची गरज मुळात अंतरामुळे पडते. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर निरोप जाऊन उत्तर यायला निदान १०० मिलिसेकंद लागणारच. त्यात जोडणी उघडण्याची एक फेरी, कूटबद्ध संवाद ठरवण्याची एक आणि प्रत्यक्ष मागणीची एक, म्हणजे ३०० मिलिसेकंद. कितीही वेगवान यंत्र आणलं तरी हा वेळ कमी होत नाही. प्रत जवळ ठेवणं हाच उपाय.

अंदाज मात्र मूळ सर्व्हर गप्प असेल तेव्हाच बांधायचा. सहसा तो उत्तरासोबत ‘कॅशे-कंट्रोल’ नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या सूचनेच्या ओळीत, आपली इच्छा कळवतो. ‘मॅक्स-एज’ म्हणजे प्रत किती सेकंद ताजी. ‘एस-मॅक्सएज’ म्हणजे तेच, पण फक्त अनेकांसाठी सामायिक असलेल्या कॅशेला (प्रतींच्या साठ्याला), म्हणजे प्रॉक्सीला उद्देशून. ‘नो-स्टोअर’ म्हणजे साठवूच नकोस. आणि ‘नो-कॅशे’? नावावरून वाटतं की साठवू नकोस, पण अर्थ तसा नाही. साठव, फक्त दर वेळी देण्याआधी मला विचार, असा तो आदेश आहे. गोपनीय पानावर ‘नो-कॅशे’ लावून निर्धास्त झालेले लोक आजही भेटतात, आणि ते पान प्रॉक्सीच्या डिस्कवर पडलेलं असू शकतं. हे नाव इतकं फसवं आहे की नवशिक्याला सगळ्यात आधी हाच फरक समजवायला हवा.

‘मला विचार’ हा प्रकार स्वस्तही आहे. सर्व्हर प्रत्येक उत्तरावर ‘ईटॅग’ नावाची खूण लावू शकतो. प्रत शिळी झाली की प्रॉक्सी ती खूण पाठवून विचारतो, पान अजून हेच आहे का? बदल नसेल तर ३०४ क्रमांकाचं, मजकूर नसलेलं छोटं उत्तर येतं आणि तीच प्रत पुन्हा ताजी ठरते. फेरी होते, पण अख्खं पान पुन्हा आणावं लागत नाही.

इथवर प्रश्न वेळेचा होता. त्याहून कठीण प्रश्न: प्रत कोणाची आहे?

२५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या व्हिडिओ गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर काही जणांना आपल्या खात्याच्या जागी भलत्याच माणसाचं पान दिसू लागलं. कुणाचा पत्ता, कुणाचा ईमेल, कुणाच्या खरेदीची यादी. संकेतस्थळावर त्या दिवशी बनावट मागण्यांचा भडिमार चालू होता. तो सोसण्यासाठी कॅशेचे नियम बदलण्यात आले, आणि त्या बदलात लॉग-इन केलेल्या लोकांची पानंही साठवून दुसऱ्यांना दिली गेली. सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी उघडी पडल्याचं कंपनीने नंतर जाहीर केलं. कुणी आत घुसलं नव्हतं, कुलूप तोडलं नव्हतं. फक्त एक नियम चुकला होता.

असं का होतं हे समजून घ्यायला प्रॉक्सी प्रत कशी शोधतो ते पाहावं लागतं. साठवताना तो मागणीची पद्धत आणि पानाचा पत्ता यांची मिळून एक किल्ली बनवतो. ‘माझं खातं’ या पानाचा पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो. कोण विचारतंय हे कुकीत, म्हणजे ब्राउझर मागणीसोबत पाठवतो त्या ओळखीच्या चिठ्ठीत असतं, आणि कुकी सहसा त्या किल्लीत नसते. म्हणूनच अशा पानांवर ‘प्रायव्हेट’ (सामायिक कॅशेने साठवू नये) किंवा ‘नो-स्टोअर’ लिहिणं ही मूळ सर्व्हरची जबाबदारी आहे. एनजिनएक्स आणि व्हार्निश हे प्रॉक्सी ही खबरदारी आपणहून थोडी घेतात: उत्तर नवी कुकी बसवत असेल तर एनजिनएक्स ते साठवत नाही, आणि मागणीत कुकी असेल तर व्हार्निश कॅशेकडे वळतच नाही. मग कुणीतरी तक्रार करतं की कॅशेचा उपयोगच होत नाहीये, आणि या दोन्ही खबरदाऱ्या एकेका ओळीत बंद केल्या जातात. ती ओळ लिहिण्याआधी थांबायला हवं.

दुसरा सापळा फाइलच्या नावातला. चित्रं आणि पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइली सहसा बदलत नाहीत, म्हणून ‘पत्त्याच्या शेवटी डॉट सीएसएस असेल तर साठव’ असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. २०१७ मध्ये ओमर गिल या सुरक्षा संशोधकाने दाखवलं की खात्याच्या पत्त्यापुढे अस्तित्वातच नसलेल्या सीएसएस फाइलचं नाव जोडलं, तर काही सर्व्हर ते शेपूट दुर्लक्षून सरळ खात्याचंच पान देतात. प्रॉक्सीला मात्र शेवटची अक्षरं दिसतात आणि तो ते पान साठवतो. अशी लिंक कुणाला उघडायला लावली की त्याच पत्त्यावर त्याचं पान हल्लेखोरालाही मिळतं. पत्त्याच्या शेपटावर विसंबणं सोडावं. साठवायचं की नाही हे मूळ सर्व्हरच्या हेडरवरून ठरवावं, आणि उत्तराचा खरा प्रकार सीएसएसच आहे ना, हेही तपासावं.

म्हणून माझ्या लेखी दोन्ही चुका सारख्या नाहीत. साठवण्याजोगं पान साठवलं नाही, तर काही मिलिसेकंद जातात. साठवू नये ते साठवलं, तर एकाचं पान दुसऱ्याच्या हातात पडतं. नियमांची सुरुवात ‘काहीच साठवू नको’पासून करावी आणि खात्रीच्या गोष्टी एकेक करून उघडाव्यात.

खात्रीची पहिली गोष्ट म्हणजे ज्यांच्या नावातच मजकुराचा ठसा असतो अशा फाइली. मजकूर बदलला की नाव बदलतं, म्हणून जुनी प्रत चुकीची ठरूच शकत नाही. त्यांना ३,१५,३६,००० सेकंदांची, म्हणजे पूर्ण वर्षाची मुदत खुशाल द्यावी. दुसऱ्या टोकाला सर्वांना सारखंच दिसणारं पण सतत बदलणारं पान. तिथे एक सेकंदाची मुदतसुद्धा मोठं काम करते. सेकंदाला हजार मागण्या येत असतील तर मूळ सर्व्हरपर्यंत साधारण एकच पोहोचते. मात्र ती एक सेकंदाची प्रत शिळी होताच सगळ्या मागण्या एकदम मागे धावू नयेत, म्हणून पहिलीला पुढे सोडून बाकीच्यांना तोवर जुनीच प्रत देणारा नियम जोडीला लागतो. एनजिनएक्समध्ये त्यासाठी ‘प्रॉक्सी-कॅशे-यूज-स्टेल’ या सेटिंगचा ‘अपडेटिंग’ हा पर्याय असतो.

नियम बदलल्यावर दोन वेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या ब्राउझरमधून लॉग-इन करून तेच पान लागोपाठ उघडावं आणि उत्तराची हेडरं वाचावीत. बरेच प्रॉक्सी त्यात ‘एज’ नावाचं हेडर जोडतात. प्रत किती सेकंद जुनी आहे ते त्यात असतं. चित्रावर तिथे मोठा आकडा दिसला तर नियम चालतोय. खात्याच्या पानावर शून्याहून मोठा कोणताही आकडा दिसला, तर नियम लगेच मागे घ्यावा, साठवलेल्या प्रती पुसून टाकाव्यात आणि मगच चूक शोधायला बसावं.