पोर्टचा लाइट लागतोय, मग नेट का रडतंय?

ऑफिसात नेट स्लो झालं की पहिला डायलॉग ठरलेला, "अरे केबल ठीकच आहे, लाइट लागतोय ना." त्या लाइटचा अर्थ एवढाच की दोन्ही टोकांना एकमेकांचा सिग्नल दिसला आणि लिंक जुळली, पुढे डेटा धड जातोय की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

इथरनेट केबलमध्ये ८ तारा, म्हणजे पिळलेल्या ४ जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) मात्र चारही लागतात. त्यामुळे टेबलाच्या पायाखाली दबून निळ्या जोडीतली एक तार तुटली तर बरेचदा लिंक मरत नाही, गुपचूप १०० वर उतरते, लाइट चालू, पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का बघायची छोटी चाचणी) चालू, आणि माणूस बसतो प्रोव्हायडरला शिव्या घालत. म्हणून आधी लिंक स्पीड बघा, विंडोजमध्ये अडॅप्टरच्या स्टेटसमध्येच दिसतो.

स्पीड बरोबर असेल तर पोर्टचा एरर काउंटर बघा, म्हणजे खराब आलेल्या फ्रेमची मोजणी (फ्रेम म्हणजे डेटाचं एक पाकीट). प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा, जोडलेला असतो, घेणारा तोच हिशोब पुन्हा करतो आणि जुळला नाही की फ्रेम टाकून देतो, पाठवणाऱ्याला कळवतसुद्धा नाही, फक्त काउंटर एकने वाढतो. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, तो जुना असू शकतो. काउंटर क्लीअर करा आणि वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर आधी संशय केबलवर, नाहीतर नीट क्रिंप न झालेल्या कनेक्टरवर.

तार भिंतीत तुटली असेल तर? बऱ्याच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये टीडीआर, म्हणजे प्रतिध्वनीवरून केबलचा फॉल्ट शोधणारी टेस्ट असते (माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं फीचर). स्विच तारेत एक पल्स सोडतो, ती तुटलेल्या जागी आपटून परत येते, विहिरीत हाक मारल्यासारखं. तांब्यात सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंमी जातो, म्हणजे प्रतिध्वनी ४०० नॅनोसेकंदांनी आला तर जायला २०० धरून फॉल्ट ४० मीटरवर. भिंत कुठे फोडायची ते कळलं!

आणि एका टोकाला सीआरसी एरर, दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन (फ्रेम बरीच पाठवून झाल्यावर झालेली टक्कर) असं दिसलं तर बहुतेक डुप्लेक्सचा घोळ आहे. फुल डुप्लेक्स म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं, हाफ म्हणजे आळीपाळीने. कोणीतरी एका बाजूला फुल डुप्लेक्स हाताने फिक्स केलेलं असतं, दुसरी बाजू ऑटोवर (समोरच्याला विचारून ठरवणारी) असते आणि उत्तर न मिळाल्याने हाफ धरते. पिंगची पाकिटं छोटी, ती आरामात जातात, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रडारड. दोन्हीकडे ऑटो ठेवा, इथे केबल बदलून काही उपयोग नाही.